लुई डुबॉइसपर्यंतची साखळी : न्यू पाल्ट्झच्या एका ह्यूगेनॉट घराण्याचे कागद जुळवताना

अमेरिकेच्या ईशान्य भागात 'आमचे मूळपुरुष ह्यूगेनॉट (फ्रेंच प्रोटेस्टंट), धर्मासाठी फ्रान्स सोडून आले' असं अभिमानाने सांगणारी कुटुंबं ठिकठिकाणी भेटतात. त्यातल्या पुष्कळांचं म्हणणं खरं असतं. पण घरात सांगितलं जाणारं आणि कागदावर उभं राहणारं यांच्यामध्ये दहा-अकरा पिढ्या असतात, आणि त्या एकेक करून सिद्ध कराव्या लागतात. न्यू यॉर्क राज्यातल्या अल्स्टर काउंटीत न्यू पाल्ट्झ नावाचं गाव आहे. लुई डुबॉइस हा त्या गावच्या संस्थापकांपैकी एक. त्याच्या वंशजांपैकी एका कुटुंबाची साखळी वंशज-संस्थेच्या अर्जासाठी जुळवण्याचं काम माझ्याकडे होतं. ते काम कसं चालतं, कुठे अडतं आणि का अडतं, हे इथे लिहितो आहे. कुटुंबाचं नाव देत नाही. पद्धत या गावच्या सगळ्याच जुन्या घराण्यांना लागू पडते.

अर्जाचा फॉर्म दिसायला साधा असतो. पहिल्या ओळीत अर्जदार, शेवटच्या ओळीत मूळपुरुष. मधल्या प्रत्येक पिढीत नवरा-बायको दोघांचे जन्म, लग्न आणि मृत्यू, तारखा-ठिकाणांसह. नॅशनल ह्यूगेनॉट सोसायटीच्या नियमात १० डिसेंबर १५२० ते २८ नोव्हेंबर १७८७ हा काळ धरलेला आहे. मूळपुरुष त्या काळातला हवा आणि तो प्रोटेस्टंट होता याचा पुरावा हवा. लोक तारखांच्या मागे धावतात, पण तपासणाऱ्याची नजर आधी दुसरीकडे जाते : या ओळीतली व्यक्ती वरच्या ओळीतल्या जोडप्याचं मूल आहे, हे नेमकं कुठल्या कागदात लिहिलं आहे? जन्मतारीख 'सुमारे १७९२' असली तरी चालून जातं. नातं 'सुमारे' असून चालत नाही. म्हणून कामाला लागताना मी तारखांचा तक्ता करतच नाही. दोन पिढ्यांमधल्या प्रत्येक दुव्यासाठी एक स्वतंत्र फोल्डर करतो आणि नातं सांगणारा कागद सापडेपर्यंत ते फोल्डर रिकामं समजतो.

सुरुवात नेहमी आजच्या माणसापासून करायची. उलटं, म्हणजे लुईपासून खाली यायला सुरुवात केली की आडनाव जुळणारा कोणताही डुबॉइस आपलाच वाटू लागतो. विसाव्या शतकातल्या पिढ्या जन्म-मृत्यूच्या दाखल्यांवर निघतात. न्यू यॉर्क राज्यात राज्यभरची सलग नोंदणी १८८० नंतरची. त्याआधी १८४७ मध्ये एक कायदा झाला होता, पण काही वर्षांतच तो बारगळला, त्यामुळे त्या नोंदी तुटक आहेत. न्यू यॉर्क शहराचं दप्तर वेगळं असतं, हे विसरलं की अर्ज चुकीच्या कचेरीत जातो आणि महिने वाया जातात. मृत्यूच्या दाखल्यात आईबापांची नावं असतात खरी, पण ती सांगणारा बहुधा जावई किंवा सून असते. त्यांना आजे-सासूचं माहेरचं नाव ठाऊक असेलच असं नाही. त्या रकान्यावर एकट्यावर विसंबू नये.

जनगणनेचे कागद इथे मोठा आधार देतात. १९५० ची जनगणना २०२२ मध्ये खुली झाली, कारण माहिती ७२ वर्षं बंद ठेवायचा नियम आहे. १९०० च्या जनगणनेत जन्माचा महिना आणि वर्ष मिळतं. १८९० ची जवळजवळ सगळी आगीत गेली, पण न्यू यॉर्कची स्वतःची १८९२ ची राज्य जनगणना आहे, ती खिंडार बरंचसं भरून काढते. कुटुंबप्रमुखाशी नातं हा रकाना देशाच्या जनगणनेत १८८० पासून येतो. राज्याच्या १८५५ च्या जनगणनेत मात्र तो आधीच आहे, शिवाय जन्माची काउंटी आणि त्या गावात किती वर्षं वास्तव्य हेही आहे. अल्स्टरमधल्या कुटुंबासाठी मी १८५० पेक्षा १८५५ चं पान आधी काढतो. '७४ वर्षांची विधवा, कुटुंबप्रमुखाची आई, जन्म अल्स्टर' अशी एक ओळ मिळाली की एक अख्खा दुवा जोडला जातो.

१८५० च्या अलीकडे गाडी सुरळीत चालते. खरी दमछाक होते ती १७९० ते १८५० या साठ वर्षांत. १७९० ते १८४० च्या जनगणनांत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असतं. बाकी माणसं वयोगटांच्या रकान्यांत आकड्यांनी मोजलेली. लोक समुद्र ओलांडण्याच्या टप्प्याला घाबरतात, पण डुबॉइससारख्या घराण्यात सतराव्या शतकावर इतकं काम झालेलं आहे की तो टप्पा तुलनेने सोपा असतो. अर्ज परत येतात ते याच मधल्या पट्ट्यामुळे. माणसं पश्चिमेकडे सरकत होती, चर्च बदलत होती, आणि डच रिफॉर्म्ड चर्चच्या शिस्तशीर वह्या सोडून मेथडिस्ट किंवा बाप्टिस्ट मंडळींत जात होती. बाप्टिस्टांकडे तर बालकांचा बाप्तिस्माच नाही, म्हणजे आईबापांची नावं असलेली नोंदही नाही.

या पट्ट्यात तीन-चार प्रकारचे कागद उपयोगी पडतात. पहिलं मृत्युपत्र. न्यू यॉर्कमध्ये १७८७ पासून प्रत्येक काउंटीत सरोगेट कोर्ट आलं आणि मृत्युपत्रं तिथे नोंदली जाऊ लागली. त्याआधीची वसाहतीच्या मध्यवर्ती न्यायालयाच्या दप्तरात शोधावी लागतात. त्यामुळे १७८० मध्ये वारलेल्या माणसाचं मृत्युपत्र किंग्स्टनच्या, म्हणजे अल्स्टर काउंटीच्या मुख्य गावातल्या, कचेरीत दिसलं नाही, तर ते नव्हतंच असं समजू नये. मृत्युपत्र नसेल तर वारसांना पाठवलेल्या नोटिसांचे कागद पाहावेत. त्यांत लग्न झालेल्या मुली नवऱ्यांच्या नावांसह येतात, आणि परगावी गेलेला मुलगा कुठल्या राज्यात आहे तेही कळतं. दुसरं, अमेरिकन क्रांतियुद्धाच्या पेन्शनची फाइल. १८३२ च्या कायद्याने म्हाताऱ्या शिपायांना पेन्शन मिळू लागली, १८३६ च्या कायद्याने विधवांचीही मोठी सोय झाली. विधवेला लग्न सिद्ध करावं लागे, आणि चर्चचा दाखला मिळाला नाही की घरच्या बायबलमधलं जन्म-लग्नांच्या नोंदींचं पान फाडून अर्जाला जोडलं जाई. ती पानं वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आजही त्या फाइलींत आहेत. ज्या घरात 'आमचं जुनं बायबल होतं, पण ती पानं कुठे गेली कोण जाणे' असं सांगतात, तिथे मी सगळ्यात आधी पेन्शनची फाइल मागवतो. तिसरं, जमिनीची खतं. बाप वारल्यावर सगळी भावंडं मिळून जमीन विकतात तेव्हा खतात सगळ्यांची नावं एकत्र येतात, मुलींची नवऱ्यासह.

आता नावांचा गुंता. पहिल्या मुलाला एका आजोबाचं नाव, दुसऱ्याला दुसऱ्या आजोबाचं, मुलींना आज्यांची, ही डच वस्तीतली रीत ह्यूगेनॉट घरांनीही उचलली. लुईचे मुलगे अब्राहम, आयझॅक, जेकब, डेव्हिड, सॉलोमन, लुई, मॅथ्यू. प्रत्येकाने बापाचं आणि भावांची नावं आपल्या मुलांना दिली. तिसऱ्या-चौथ्या पिढीत एकाच गावात एकाच वयाचे चार आयझॅक डुबॉइस सहज निघतात. नुसतं नाव आणि साधारण वय जुळतं म्हणून साखळीत घातलेला माणूस हा अशा अर्जांतला सगळ्यात मोठा धोका आहे. त्यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण दुसरा नाही. त्या नावाचे सगळे पुरुष एका कागदावर मांडायचे, प्रत्येकासमोर बायकोचं नाव, मुलांच्या बाप्तिस्म्यांना उभे राहिलेले साक्षीदार, आणि जमिनीच्या चतुःसीमा. आपला माणूस कोण हे ठरवण्याआधी बाकीचे कोण आहेत हे सिद्ध करायचं.

डच चर्चच्या वह्या इथे फार मदत करतात, कारण त्यांत बाईचं माहेरचं नाव लग्नानंतरही टिकतं. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बाप, आई तिच्या माहेरच्या नावासह, बाळ आणि साक्षीदार असे रकाने असतात. साक्षीदार बहुधा आजी-आजोबा, मामा, काका. बाळाला ज्याचं नाव दिलं तोच माणूस साक्षीला उभा असतो, असं वारंवार दिसतं. इंग्रजी कागदांत ती बाई नवऱ्याच्या आडनावात विरघळून जाते. म्हणून अठराव्या शतकातला प्रत्येक दुवा शक्यतो चर्चच्या नोंदीवर उभा करावा आणि मृत्युपत्र जोडीला द्यावं.

किंग्स्टनची चर्च-वही १६६० पासून आहे आणि १८९१ मध्ये ती छापूनही आली. छापील प्रत शोधायला उत्तम, पण अर्जाला मूळ पानाची प्रतिमाच लावावी; कारण आडनावाचं एखादं अक्षर छापताना बदललं की सगळाच अर्थ बदलतो. डुबॉइस हे नाव तिथे डु बॉयस, डे बोयस, डुबूइस अशा दहा तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. गावच्या इतर घराण्यांचंही तसंच : डेयोचं डोयो, क्रिस्पेलचं क्रेस्पेल, हासब्रूकचं कधी नुसतं ब्रूक. डच लेखनिक फ्रेंच नाव कानाला लागेल तसं लिहीत होता, हे डोक्यात ठेवून नाव मोठ्याने म्हणून पाहायचं.

न्यू पाल्ट्झचं स्वतःचं चर्च जानेवारी १६८३ मध्ये सुरू झालं. पिएर दाय्ये नावाचे फ्रेंच धर्मगुरू तिथे आले आणि वहीची पहिली नोंद फ्रेंचमध्ये झाली. पण ते तिथे कायम राहत नव्हते. फ्रेंच नोंदी अठराव्या शतकाच्या आरंभी थांबतात, आणि डचमधली वही १७३० च्या आसपास सुरू होते. मधल्या जवळपास तीस वर्षांत न्यू पाल्ट्झची मुलं बाप्तिस्म्यासाठी सोळा मैलांवरच्या किंग्स्टनला नेली जात. न्यू पाल्ट्झची वही चाळून 'नोंद नाही' असा शेरा मारून थांबलेले अर्ज मी पाहिले आहेत. किंग्स्टनच्या वहीत ती मुलं ओळीने बसलेली असतात. किंग्स्टनमध्येही एक खिंडार आहे. धर्मगुरू हेर्मानुस ब्लोम १६६७ मध्ये परत गेले आणि पुढचे कायमचे धर्मगुरू १६७८ मध्ये आले. त्या अकरा वर्षांत जन्मलेल्यांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी विरळ आहेत, तिथे बापाच्या मृत्युपत्रावरच भिस्त ठेवावी लागते.

तारखा वाचताना दोन सापळे. पहिला महिन्यांचा. '८बर' असं लिहिलेलं दिसलं की नवखा माणूस ऑगस्ट समजतो. तो ऑक्टोबर असतो. ७बर म्हणजे सप्टेंबर, ९बर म्हणजे नोव्हेंबर, १०बर म्हणजे डिसेंबर. दुसरा सापळा दिनदर्शिकेचा. हॉलंडने ग्रेगरी दिनदर्शिका १५८३ मध्येच स्वीकारली होती, इंग्लंडने आणि तिच्या वसाहतींनी ती १७५२ मध्ये. १६६४ मध्ये न्यू नेदरलंड ही इथली डच वसाहत इंग्रजांनी घेतली, म्हणजे एकाच गावच्या कागदांत दोन्ही पद्धती. सतराव्या शतकात दहा दिवसांचा फरक, १७०० नंतर अकरा. शिवाय इंग्रजी कायद्यात वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे १ जानेवारी ते २४ मार्च या दिवसांतली तारीख '१६९५/६' अशी जोडवर्षाने दिसते. ती तशीच उतरवावी, आपल्या मनाने 'दुरुस्त' करू नये. मृत्युपत्र केल्याच्या आधीच ते कोर्टात सिद्ध झाल्यासारखं दिसलं, तर दोष बहुधा याच जोडवर्षाचा असतो.

न्यू पाल्ट्झच्या घराण्यांना जमिनीचा असा काही आधार आहे जो इतरत्र क्वचित मिळतो. २६ मे १६७७ रोजी एसोपस या तिथल्या मूळनिवासी लोकांशी खरेदीचा करार झाला. मोबदल्यात किटल्या, कुऱ्हाडी, सदरे, घोंगड्या, बंदुकीची दारू, दोन घोडे अशा वस्तू दिल्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला गव्हर्नर एडमंड अँड्रॉस याने सुमारे चाळीस हजार एकरांची सनद बारा जणांच्या नावे केली. वार्षिक सारा पाच बुशेल चांगला हिवाळी गहू. बारा जण म्हणजे लुई डुबॉइस आणि त्याचे दोन मुलगे अब्राहम व आयझॅक, ख्रिश्चन आणि पिएर डेयो, अब्राहम आणि जाँ हासब्रूक, आंद्रे आणि सिमों लफेव्र, लुई बेव्हिए, आंत्वान क्रिस्पेल, ह्यूगो फ्रेअर. जमीन बराच काळ सामाईक होती आणि हिस्से बारा मूळ मालकांच्या नावांनीच ओळखले जात. १७२८ पासून 'ड्युझीन' नावाचं बारा जणांचं मंडळ दर वर्षी निवडलं जाऊ लागलं, प्रत्येक मूळ हिश्श्याचा एक प्रतिनिधी. वाटण्या, बांध, मालकीचे वाद हे सगळं त्यांच्या हातात होतं. वंशावळीच्या दृष्टीने हे सोनं आहे. आपल्याकडे फेरफार उताऱ्यावर वारसांची नावं चढतात, तसंच इथे वाटणीच्या कागदांवर 'अमक्याच्या हिश्श्यातला अमक्याचा मुलगा' असं लिहिलेलं येतं. बाप्तिस्म्याची नोंद हरवलेली असली तरी हिश्श्याचा माग काढत बाप सापडतो. जमिनीचं काम लोक कंटाळून सोडतात. न्यू पाल्ट्झमध्ये ते सोडू नये.

एका दगडाचा उल्लेख करायला हवा. लुईचा थोरला मुलगा अब्राहम १७३१ मध्ये वारला. गावच्या जुन्या स्मशानभूमीत त्याचा ओबडधोबड दगड आहे. त्यावर वर्ष, नावाची आद्याक्षरं आणि 'बारा सनदधारकांतला शेवटचा' अशा अर्थाचे शब्द कोरलेले. कोरणाऱ्याचा हात सरावलेला नाही, अक्षरं वाकडीतिकडी आहेत. मृत्यूचं वर्ष आणि सनदधारक असणं या दोन्ही गोष्टी एकाच दगडावर मिळतात, असा पुरावा इतक्या जुन्या काळासाठी दुर्मीळ. असे दगड वाचताना खडू, पीठ किंवा साबणाचा फेस अजिबात लावू नये, दगड झिजतो. आरशाने किंवा बॅटरीने बाजूकडून तिरपा उजेड टाकला की अक्षरं उठून दिसतात, आणि तोच फोटो अर्जाला चालतो.

आता खुद्द लुई. कौटुंबिक कथा सांगते की १६८५ मध्ये फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईने नांतचा जाहीरनामा, म्हणजे प्रोटेस्टंटांना धर्मस्वातंत्र्य देणारा हुकूम, रद्द केला आणि आमचा पूर्वज पळून आला. १५९८ चा तो जाहीरनामा १६८५ मध्ये रद्द झाला हे खरं, दीड-दोन लाख माणसं त्या काळात फ्रान्सबाहेर पडली हेही खरं. पण लुई डुबॉइसला तेव्हा अमेरिकेत येऊन जवळपास पंचवीस वर्षं झाली होती. त्याचा जन्म १६२६ च्या सुमाराचा, लील शहराजवळच्या विक्र गावचा, बापाचं नाव क्रेतियां. तो मुलूख त्या वेळी फ्रान्समध्ये नव्हताच. तो स्पॅनिश नेदरलंडचा भाग होता आणि लील १६६७ मध्ये फ्रेंचांनी जिंकून घेतलं. म्हणजे काटेकोर बोलायचं तर लुई फ्रेंच भाषा बोलणारा वालून प्रोटेस्टंट. संस्था अशांना स्वीकारतात, पण अर्जात 'फ्रान्समधून १६८५ नंतर आलेला' असं लिहिलं तर ते चूक ठरतं. खरी हकीकत लिहिली तर ती जास्त भक्कमही आहे आणि मला विचाराल तर जास्त रोचकही.

ती अशी. तीस वर्षांच्या युद्धात उद्ध्वस्त झालेला जर्मनीतला पॅलॅटिनेट (जर्मनमध्ये 'फाल्ट्स') प्रदेश पुन्हा वसवण्यासाठी तिथला शासक कार्ल लुडविग परदेशी प्रोटेस्टंटांना बोलावत होता. मॅनहाइम शहरात फ्रेंच बोलणाऱ्यांचं चर्च उभं राहिलं. तिथे १० ऑक्टोबर १६५५ रोजी लुईचं लग्न कॅथरीन ब्लांशानशी झालं. लुई प्रोटेस्टंट होता याचा हाच मुख्य पुरावा, आणि अर्जात धर्माच्या रकान्यासमोर तोच लावायचा. अब्राहम आणि आयझॅक तिथलेच. न्यू पाल्ट्झ हे गावाचं नाव त्याच आश्रय देणाऱ्या मुलखावरून पडलं.

आगमनाच्या वर्षाबद्दल काटेकोर राहावं. कॅथरीनचे वडील मातिस ब्लांशान आणि मेहुणा आंत्वान क्रिस्पेल यांची नावं १६६० मध्ये 'सोनेरी पाणमांजर' अशा नावाच्या डच जहाजाच्या प्रवासी यादीत आहेत. लुईचं नाव त्या यादीत नाही. त्याच्या जेकब नावाच्या मुलाचा बाप्तिस्मा मात्र १६६१ च्या शरदात किंग्स्टनच्या वहीत आहे. तेव्हा मी 'सासऱ्याबरोबर १६६० मध्ये' असं न लिहिता 'ऑक्टोबर १६६१ पूर्वी' असं लिहितो आणि दोन्ही कागद जोडतो. तपासणाऱ्याला अंदाजापेक्षा अशी सीमारेषा जास्त पटते.

७ जून १६६३ रोजी एसोपस लोकांनी हर्ली आणि किंग्स्टन या वस्त्यांवर हल्ला केला, हर्ली जाळलं, आणि बायका-मुलांना धरून नेलं. कॅथरीन आणि तिची मुलं त्यांत होती. सप्टेंबरात कॅप्टन मार्टिन क्रेगिअरच्या तुकडीने बंदिवान सोडवून आणले. घराण्याच्या कथेत कॅथरीनला चितेवर चढवलेलं आहे, ती बायबलमधलं १३७ वं स्तोत्र गाते, आणि ते ऐकत राहिल्यामुळे सुटका होईपर्यंत वेळ मिळतो. क्रेगिअरची रोजनिशी उपलब्ध आहे. तिच्यात तुकडीची वाटचाल, हवामान, लूट हे सगळं बारकाईने आहे. चितेचा आणि गाण्याचा उल्लेख नाही. कथा कुटुंबाने जपावी, अर्जात घालू नये. तसंच एकोणिसाव्या शतकात छापलेल्या वंशावळींत लुईला नॉर्मन सरदारांच्या घराण्याशी जोडलेलं आहे. त्याला आधार नाही. बऱ्याच ऑनलाइन वंशवृक्षांत ती वंशरेषा मध्ययुगीन सम्राट शार्लमेनपर्यंत जाते. विक्रच्या क्रेतियांपाशी पेन खाली ठेवावं.

ज्या मृत्युपत्रांवर हे सगळं काम उभं राहतं, त्यांत आणखी काही माणसं आहेत, आणि त्यांच्याकडे डोळेझाक करून पुढे जाणं मला मान्य नाही. लुईने १६७० च्या दशकात किंग्स्टनच्या जाहीर लिलावात अँथनी आणि सुझाना ही दोन गुलाम माणसं विकत घेतली. पुढच्या पिढ्यांच्या मृत्युपत्रांत घोडे, गाई, बिछाने यांच्या ओळीत 'माझी निग्रो बाई अमकी' मुलीला, 'मुलगा तमका' मुलाला असं येतं. वंशजांना दुवा मिळतो तो याच ओळींतून : 'माझी मुलगी, जिचं लग्न अमक्याशी झालं, तिला...' आणि तीच ओळ दुसऱ्या एका कुटुंबाची ताटातूट नोंदवते. १७५५ ची गुलामांची गणना आहे, १७९० पासून जनगणनेत गुलामांचा रकाना आहे. १७९९ च्या कायद्याने ४ जुलैनंतर जन्मलेली मुलं नावापुरती मुक्त झाली, पण मुलग्यांना २८ आणि मुलींना २५ वर्षं वयापर्यंत आईच्या मालकाची चाकरी करावी लागे. मालकाने नऊ महिन्यांच्या आत टाउन क्लार्ककडे मुलाचं नाव, वय, लिंग नोंदवायचं, फी बारा सेंट. न्यू पाल्ट्झची ही नोंदवही टिकली आहे. तिच्यात मालक म्हणून डुबॉइस, हासब्रूक, डेयो, लफेव्र पुन्हा पुन्हा येतात, आणि बहुतेकदा मुलाच्या आईचंही नाव असतं. न्यू यॉर्कमधली गुलामी ४ जुलै १८२७ रोजी संपली. मुक्त झालेल्यांपैकी अनेकांनी मालकांचीच आडनावं चालू ठेवली, त्यामुळे आज ही आडनावं लावणारी कृष्णवर्णीय कुटुंबं आहेत. मी मृत्युपत्र उतरवताना गुलामांची नावं असलेला भाग कधीच गाळत नाही. त्या नावांची वेगळी यादी करून काउंटीच्या स्थानिक संग्रहाकडे देतो. अशा कुटुंबांना १८५० च्या जनगणनेमागे जायला ती यादी लागते.

लुईच्या भावाची शाखाही याच संदर्भात पाहावी. जाक डुबॉइस १६७५ मध्ये आला आणि लवकरच वारला; त्याचे वंशज हडसन ओलांडून पॉकीप्सीच्या बाजूला पसरले. त्यातले जेम्स नावाचे डॉक्टर क्रांतियुद्धात इंग्लंडच्या राजाच्या बाजूचे होते, त्यांना बहामा बेटांत जमिनी मिळाल्या. तिथल्या मिश्रवंशीय स्त्रीपासून झालेला अलेक्झांडर हा कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांचा आजा. स्वतः डू बॉइस यांनी आपली वंशरेषा विक्रच्या क्रेतियांपर्यंत मांडली आहे. याच डू बॉइस यांना १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पत्र लिहून, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या; अस्पृश्यांचा प्रश्न तसाच तिथे नेण्याचा त्यांचा विचार होता. डू बॉइस यांनी उत्तरही दिलं. तो पत्रव्यवहार मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट इथल्या संग्रहात आहे. वंशावळीच्या कामासाठी या शाखेचा धडधडीत उपयोग असा, की लग्नाची नोंद नसलेल्या संबंधात मुलाचं नातं कसं सिद्ध करायचं हे तिथे समजतं : बापाने मुलांना शाळेत घालणं, त्यांचा खर्च करणं, प्रवासात बरोबर नेणं, अशा कागदांनी.

घराणं न्यू पाल्ट्झमध्येच राहिलं नाही. जेकबचे मुलगे दक्षिण न्यू जर्सीत सेलम काउंटीत गेले; १७१४ मध्ये व्हॅन मीटर नातलगांबरोबर डॅनिएल कॉक्सकडून तीन हजार एकर घेतले गेले होते. लुईची मुलगी सारा व्हॅन मीटर घरात दिलेली. त्याच घरातल्या जॉन आणि आयझॅक यांना १७३० मध्ये व्हर्जिनियाच्या शेनँडोआ खोऱ्यात चाळीस हजार एकरांचे हक्क मिळाले, ते त्यांनी पुढच्याच वर्षी विकले. अर्जदाराचे पूर्वज केंटकी-ओहायोत निघत असतील तर न्यू पाल्ट्झमध्ये वेळ घालवण्याआधी ही वाट तपासावी.

डीएनए चाचणीबद्दल प्रत्येक कुटुंब विचारतं. दहा पिढ्यांमागे प्रत्येकाला १०२४ पूर्वज असतात, म्हणजे एकाचा वाटा सरासरी हजारातला एक. त्यात न्यू पाल्ट्झमध्ये बारा सनदधारकांची सात घराणी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांत लग्नं करत राहिली. दोन वंशजांत डीएनए जुळला तरी तो लुईकडून आला की हासब्रूक-डेयोंकडून, हे सांगता येत नाही, आणि नातं प्रत्यक्षापेक्षा जवळचं भासतं. अपवाद वाय गुणसूत्राच्या चाचणीचा. बापाकडून मुलाकडे अखंड डुबॉइस रेषा असेल, तर लुईच्या दोन वेगळ्या मुलांच्या वंशजांशी जुळणी करून पाहता येते. कागदाला पूरक म्हणून ती चांगली, कागदाऐवजी नाही.

शेवटी अर्ज बांधताना : प्रत्येक प्रतीवर पिढीचा क्रमांक वरच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहावा, नातं सांगणाऱ्या ओळीच्या शेजारी समासात छोटी खूण करावी, हायलायटर वापरू नये, कारण काळ्या-पांढऱ्या प्रतीत ती ओळच काळी पडते. डच आणि फ्रेंच नोंदींबरोबर उतारा आणि इंग्रजी भाषांतर वेगवेगळ्या कागदांवर द्यावं. छापील पुस्तकातलं पान लावलं तर मुखपृष्ठानंतरच्या शीर्षकपानाचीही प्रत लावावी. जिवंत माणसांच्या जन्मदाखल्यांतले क्रमांक झाकावेत. आडनाव प्रत्येक पिढीत त्या कागदात जसं आहे तसं लिहावं आणि बदल कुठे झाला ते एका टिपेत सांगावं. एखादा दुवा थेट कागदाने जोडला जात नसेल, तर तिथे दोन-तीन पानांचं टिपण जोडायचं : त्या नावाचे बाकीचे पुरुष कोण, ते का नाहीत, आणि आपला कोणत्या पुराव्यांनी उरतो. या कुटुंबाच्या अर्जात असं टिपण १८१० च्या आसपासच्या एका पिढीसाठी लागलं. तपासणाऱ्याकडून त्यावर एकच शंका आली, साक्षीदार म्हणून आलेला सॉलोमन कुठला. त्याच्या बायकोच्या बाप्तिस्म्याची किंग्स्टनची नोंद पाठवल्यावर साखळी मंजूर झाली. गुलामांच्या नावांची यादी त्याआधीच संग्रहात पोचली होती.